न गाणारे लाकूड

बोटाच्या पेराने लाकडावर हलकी टिचकी मारून क्षणभर कान द्यावा, ही सवय ज्याला जडली त्याला लाकूड नुसते दिसत नाही, ऐकूही येते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचा भोपळा निवडताना कारागीर असाच कान देतो. भीमाकाठच्या मळ्यांतून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला तो वाळका भोपळा त्याला बोलका हवा असतो, टिचकी संपल्यावरही नाद मागे ठेवणारा. तुनीच्या लाकडाची दांडी, पातळ तबली, घोडी आणि घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा, सगळी योजना त्या नादाला मोकळे करण्यासाठी; आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते याच बोलक्या लाकडाच्या विद्येला. आता आपण मिरज सोडून नगरला येऊ, आणि एका घरच्या दिवाणखान्यात ठेवलेल्या जुन्या टर्नटेबलच्या लाकडी बैठकीवर, हौशी मंडळी जिला प्लिंथ म्हणतात तिच्यावर, तीच टिचकी मारू. आवाज येतो ‘ठप्’. एवढाच. घुमणे नाही, रेंगाळणे नाही. हा ‘ठप्’ मिळावा म्हणून सुताराने आणि घरधन्याने मिळून जे जे केले, त्यातच या वस्तूचे सारे सौंदर्य साठलेले आहे.

यंत्र आहे गॅरार्ड ३०१. इंग्लंडमधल्या स्विंडन या रेल्वेच्या गावी १९५०च्या दशकात ते बनू लागले, बीबीसीच्या ध्वनिकक्षांत मानाने नांदले, आणि १९६५च्या सुमारास ४०१ या धाकट्या भावंडाने त्याची जागा घेतली. पण आपल्याला त्याची एक गोष्ट विशेष लोभस वाटावी अशी आहे: हे यंत्र विकले जायचे ते उघडेच. ओतीव धातूचा पाट, त्यावर फिरणारे जड तबक, खाली लोंबणारी मोटर, आणि लाकडात भोक कसे कापायचे ते दाखवणारा कागदी साचा. पेटी नाही, पाय नाहीत, सुईचा दांडाही नाही. ज्या घरी ते जाईल त्या घराने त्याला बसायला जागा करून द्यावी, असा हा व्यवहार होता. म्हणून जगात दोन गॅरार्ड सहसा एकसारखे दिसत नाहीत. टोकियोतल्या शिंदो प्रयोगशाळेने चेरीच्या थरांची घट्ट बैठक केली, इंग्लंडातल्या हौशींनी पाटीच्या दगडातून अख्खी बैठक कोरून काढली, आणि आपल्या नगरच्या घराने ती केली एका पाडलेल्या वाड्याच्या सागवानातून. अर्धे वाद्य स्विंडनचे, अर्धे नगरचे. आणि वाजताना सांधा ऐकू येत नाही.

यंत्र चालते कसे ते जरा वाकून पाहू, कारण बैठकीचे मर्म तिथेच आहे. मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची एक लहान पितळी कप्पी असते. ती फिरवते एका रबरी चाकाला. आणि ते चाक तबकाच्या कडेला आतल्या बाजूने टेकून तबक फिरवते. पट्टा नाही, मध्ये ताणले जाणारे काही नाही. मोटरचा जोर थेट तबकात उतरतो, म्हणून या यंत्रांच्या स्वराला जो नेटकेपणा असतो, तबल्याची थाप जिथे पडायची तिथेच पडल्याचा जो प्रत्यय येतो, त्यावर रसिक जीव टाकतात. पण त्याच वाटेने मोटरची बारीक थरथरही वर चढायला पाहते. यंत्रकारांनी मोटर स्प्रिंगांवर टांगली, जोखून-मापून समतोल साधला. तरी उरलेली घरघर कुठेतरी जायलाच हवी. ती जिरवायची ती लाकडाने.

आणि ती जिरली नाही तर काय होते, हे समजायला तबकडीच्या खाचेत उतरावे लागते. लाँग प्लेच्या खाचेत चालणाऱ्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या असते सुमारे १८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. आणि गायकाचा सर्वांत हळुवार श्वास ज्या वळणांत कोरलेला असतो ती वळणे मायक्रॉनच्याही अंशात मोजावी लागतात. एवढ्या सूक्ष्म प्रदेशात बाहेरची कोणतीही हालचाल ही गाण्याइतकीच मोठी ठरते. सुईला दोन्ही सारखेच; तिला गवयाचा कंप आणि मोटरचा कंप यांत भेद करता येत नाही. तो भेद तिच्यासाठी आधीच कुणीतरी करून ठेवायचा असतो. पोकळ पेटीच्या बैठका त्या काळी सर्रास होत, आणि पोकळ पेटी म्हणजे तबल्याचेच एक भावंड. मोटरने तिला गुदगुल्या केल्या की ती आपला सूर मिसळू लागते. नगरच्या या बैठकीत पोकळी जवळजवळ नाही. जिथे मोटर आणि तिच्या तारा मावायच्या तेवढीच जागा कोरलेली, बाकी सारे भरीव.

इथे मला नगरजवळच्याच एका टेकडीची आठवण होते. दौंड रस्त्यावर अरणगावला मेहेराबाद आहे. तिथे १० जुलै १९२५ला आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. या अबोल माणसाला संगीताची ओढ फार होती. कव्वालीवर तर त्यांचा जीव होताच, पण जिम रीव्हज या अमेरिकन गायकाच्या गाण्याचीही त्यांना आवड होती, आणि पुढे १९७२ साली पीट टाउनशेंड या इंग्रज गायकाने, त्यांच्या भक्ताने, त्यांतले एक गाणे आपल्या तबकडीवर घेतले. मेहेराबादच्या समाधीपाशी त्यांच्या अंत्यदर्शनाच्या दिवसांत ‘बिगिन द बिगीन’ या कोल पोर्टरच्या गीताची तबकडी वाजवली गेली होती, तीही त्यांच्याच इच्छेने. ज्याने स्वतः साडेत्रेचाळीस वर्षे शब्द उच्चारला नाही त्याच्याभोवती तबकड्या फिरत राहिल्या, हे मला विलक्षण सुंदर वाटते. गप्प राहून दुसऱ्याचा स्वर पूर्ण ऐकू येईल अशी जागा करून देणे हीही संगीताची एक सेवा आहे, आणि लाकडाच्या एका ठोकळ्याकडून आपण तीच मागत असतो.

आता लाकूड. नगरच्या जुन्या पेठांतून वाडे उतरले की त्यांच्या तुळया आणि खांब वखारीत येतात. धुरकट, भोकाभोकांचे, बाहेरून राखेच्या रंगाचे. जाणता माणूस त्यातून तुकडा निवडताना आधी वजन हातात घेतो, मग टोकाकडून रेषा पाहतो, मग चुंबक फिरवून आत मोडलेले खिळे शोधतो, कारण एक खिळा रंध्याच्या पात्याचा निकाल लावतो. सागवान तसेही पात्याला जड जाते. त्याच्या पेशींत वाळूसारखी सिलिका असते आणि धार लवकर उतरते. पण राखाडी कातडी रंध्याने एकदा सोलली की आतून जो मधाळ रंग आणि तेलकट, चामड्यासारखा वास येतो, त्याने दर खेपेला धार लावून देण्याचे कष्ट फिटतात. शिवाय हे लाकूड शे-दीडशे वर्षे आढ्याखाली बसून आपले बहुतेक हलणे-डुलणे संपवून आलेले असते. नगरच्या हवेत ही गोष्ट मोलाची आहे. वैशाखात इथे ओठ फुटावेत इतका कोरडेपणा, आणि श्रावणात दारे चौकटीत अडकतात. ताजे लाकूड असल्या ऋतुचक्रात वाकते, पिळते, फटी पाडते. वाड्याच्या तुळईने तो हट्ट बराचसा सोडलेला असतो.

टोकाकडची वर्तुळे मात्र नीट निरखून पाहावीत. साग उन्हाळ्यात पाने गाळून उभा राहतो आणि पावसाबरोबर पुन्हा वाढू लागतो, त्यामुळे त्याच्या खोडात दर वर्षाचे एक ठसठशीत वर्तुळ उमटते. चांगल्या पावसाचे बहुधा रुंद, अवर्षणाचे बारीक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी सागाची अशी वर्तुळे मोजून शेकडो वर्षांच्या मोसमी पावसाचा माग काढला आहे. म्हणजे वर जी तबकडी फिरते आहे तिच्या खाचांत कुणा गायकाची तीन मिनिटे आहेत, आणि खाली जी फळी निश्चल आहे तिच्या रेषांत कित्येक पावसाळे आहेत. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात बसून एखाद्या पेरभर जागेत वीस पावसाळे मोजता यावेत, याचा आनंद वेगळाच आहे. मी ती वर्तुळे कधी भरभर मोजत नाही.

मात्र सगळी बैठक अख्ख्या सागाची केलेली नाही, आणि ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. एकाच जातीच्या, एकाच दिशेने रेषा धावणाऱ्या लाकडाला स्वतःचा एक सूर असतोच. म्हणून गाभ्यात प्लायवूडचे थर एकावर एक सरसाने चिकटवून, शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवले आहेत. प्लायच्या प्रत्येक पापुद्र्याची रेषा शेजारच्या पापुद्र्याला आडवी. एका थरातून कंप निघाला की दुसऱ्यात त्याची वाट बदलते आणि सरसाच्या पातळ पडद्यांत त्याचा जोर उतरत जातो. खालून कडप्प्याची एक लादी बसवली आहे, जी आपल्याकडे स्वयंपाकघराच्या ओट्याला वापरतात तीच. लाकूड आणि दगड यांचे स्वभाव इतके निराळे की एकाची थरथर दुसऱ्याला सहजी मानवत नाही. सागवान फक्त चारी बाजूंना आणि माथ्यावर, पण तिथे त्याने साऱ्या बैठकीला चेहरा दिला आहे.

त्या चेहऱ्याचे कोपरे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चारही बाजूंच्या पट्ट्या एकाच लांब फळीतून, क्रम न मोडता कापल्या की रेषा पहिल्या बाजूवरून वळून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर अखंड वाहत जातात. गाठीशेजारून वळसा घेणारी एखादी रेषा कोपऱ्यावर आली की क्षणभर अदृश्य होते आणि काटकोनातून वळून पुन्हा तिथूनच सुरू होते. असे तीन कोपरे जमतात. चौथ्या कोपऱ्यावर फळीचा आरंभ आणि शेवट समोरासमोर येतात आणि तिथे रेषांची ओळख पटत नाही. बहुतेक सुतार हा कोपरा मागे, भिंतीकडे करतात, आणि त्यात वावगे काही नाही. या बैठकीत मात्र जाड फळी मधोमध चिरून तिची दोन पाने केली, ती पुस्तकासारखी उघडली आणि चारी बाजू त्यांतून अशा घेतल्या की चौथा कोपराही मिटला. बैठक भिंतीपासून ओढून, मागे हात घालून तो कोपरा मी चाचपला आहे. पंचेचाळीस अंशांत कापलेल्या दोन कडा, मध्ये नखही शिरत नाही, आणि रेषा मात्र बोटाखालून बिनदिक्कत पलीकडे जाते. याच गावात विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेत मुले हाताने सुतारकाम शिकत होती. करवत आणि गुण्या यांची ती शिस्त कुणाकुणाच्या हातून कुठवर आली असेल, असे त्या कोपऱ्यापाशी मनात येते. सागाच्या अंगचे तेल सरसाला धरू देत नाही, म्हणून जोडण्याआधी कडा स्पिरिटने पुसून लगेच चिकटवाव्या लागतात. कुणाला न दिसणाऱ्या या पुसण्यावर तो सांधा टिकून आहे.

न दिसणाऱ्या गोष्टी इथे आणखी आहेत. माथ्यावरचे मोठे भोक तर यंत्र बसले की कायमचेच झाकले जाते. त्याचा आकार वेडावाकडा, कुठे मोटरसाठी फुगवटा, कुठे कळांच्या दांड्यांसाठी खाच. तरी त्याच्या आतल्या भिंतींवर पॉलिशपेपर फिरवलेला आहे. कशासाठी? यंत्रासाठी नक्कीच नाही. मला वाटते, ज्याने हात घातला त्याला ते खरबरीत सोडवले नसावे. मापाच्या बाबतीत तर अचूकपणा अनिवार्यच होता. सुईचा दांडा एसएमई ३००९. तबकाच्या मध्यापासून त्याच्या टेकूपर्यंतचे अंतर २१५.४ मिलिमीटर. तो दशांश कागदावर सोपा दिसतो. सागाच्या रेषेवर पेन्सिल टेकवली की टोकाची जाडीच त्याहून जास्त भरते, म्हणून अशा आखणीला पेन्सिल न घेता धारदार सुरी घेतात. एसएमईच्या कारागिरांनी दांड्याच्या बैठकीला पुढेमागे सरकणारी लांबट खाच ठेवली, हे त्यांचे सौजन्य. सुताराच्या हाताला त्यांनी थोडी क्षमा आधीच देऊन ठेवली.

जागेबद्दल थोडक्यात. वाड्यांच्या वरच्या मजल्यावर तक्तपोशी असली की पाऊल टाकताच सुई उडी मारते. त्यामुळे यंत्राला दगडी भिंतीचा आधार आणि खाली पाणसळ लावून साधलेली पातळी, एवढे झाले की पुरे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली तिच्यात आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि सोबत ती वाजवायला सुई व कार्ट्रिजही दिले आहेत. बैठक मात्र दिलेली नाही. तिथे कुणी मजल्यावरून चालत जाणार नाही, रस्त्यावरून ट्रक जाणार नाही. आपल्याला पृथ्वीवर ऐकायचे असते, तेही मनमाड रस्त्यावरच्या वाहतुकीच्या शेजारी.

आणि मग पॉलिश, ज्याच्यासाठी मी इतका वेळ हात राखून ठेवला होता. इथे चपडीचे पॉलिश आहे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर राहणारा लाखेचा किडा आपल्याभोवती जे राळेसारखे कवच करतो ते खरवडून, वितळवून, गाळून चपडी होते. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा त्यात भिजवून घ्यायचा, आणि पृष्ठभागावर न थांबता फिरवत राहायचे. बोळा थांबला की डाग पडतो. त्याआधी पॉलिशपेपर जाडाकडून बारीकाकडे, मग ओले फडके फिरवून तंतू मुद्दाम उठवायचे आणि वाळल्यावर ते पुन्हा घासून टाकायचे. थर इतके पातळ की पहिल्या काहींनी काही झाले असे वाटतच नाही. मग एका सकाळी तिरप्या उजेडात लाकडाला खोली येते, रेषा पृष्ठाखाली दिसू लागतात. हे काम भर पावसाळ्यात करू नये. दमट हवेत चपडीवर पांढुरकी साय धरते. नगरचा कोरडा हिवाळा त्याला फार मानवतो. एरवी पाण्यावाचून आपल्याला छळणारी ही हवा पॉलिशवाल्याला अगदी अनुकूल असते.

आता त्या बैठकीवर ७८ची तबकडी ठेवू. बालगंधर्वांची असेल, अब्दुल करीम खाँसाहेबांची असेल. गॅरार्ड ३३ १/३ आणि ४५ बरोबर ७८चाही वेग देतो, म्हणून तर आपल्याकडच्या संग्राहकांना तो प्रिय. आणि जुन्या तबकड्यांचा वेग थोडा इकडेतिकडे असला तर तो सावरायला एक कळ आहे, जिच्यामुळे आत एक चुंबक धातूच्या चकतीजवळ येतो आणि तिला स्पर्शही न करता हळू करतो. सुई मात्र रुंद खाचेची वेगळी घ्यायची. तबकडी टेकली, आणि इथे माझा आनंद पुरा होतो, कारण ती तबकडीही लाखेचीच आहे. ७८च्या काळातली तबकडी म्हणजे लाख, तिच्यात दगडाची पूड आणि काजळी. खाली लाकडाच्या अंगावर लाख, वर फिरणाऱ्या चकतीच्या अंगात लाख; एकीने लाकडाची खोली वर आणली, दुसरीने गवयाचा गळा धरून ठेवला. छोटा नागपूरच्या जंगलांतून निघालेल्या लाखेवर एके काळी जगभरच्या तबकड्या निघत, आणि पाश्चात्त्य देशांत ७८ बंद पडल्यावरही आपल्याकडे ती काही वर्षे निघत राहिली. या नात्याची एक खबरदारीही आहे: ज्या स्पिरिटने पॉलिश लागते त्याच स्पिरिटने अशी तबकडी पुसली तर खाचच विरघळते. तिला नुसते कोमट पाणी, मऊ ब्रश आणि कोरडे फडके, मधला कागद मात्र कोरडा ठेवून.

पण तोच गुण पॉलिशच्या कामी येतो. चपडीचा नवा थर खालच्या जुन्या थराला किंचित विरघळवून त्यात मिसळतो, दोघांत सीमारेषा राहत नाही. आजच्या टणक पॉलियुरेथेनला ओरखडा पडला की सगळा पृष्ठभाग खरवडावा लागतो. इथे तसे नाही. चालू-बंदच्या दांड्याशेजारी जिथे बोट रोज टेकते तिथे दहा-वीस वर्षांनी झळाळी उतरेल, तेव्हा चमचाभर चपडी, थोडे स्पिरिट आणि तसाच मलमलीचा बोळा घ्यायचा, तेवढ्याच जागी हलकेच फिरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तबकडी लावायची.